बारा कादंबऱ्यांचा करार

लीलाबाईंच्या वाचनालयातलं जुनं कपाट उघडायला दोन हात आणि एक गुडघा लागतो. कडी त्या ओढतात, गुडघा मी लावते आणि माझे यजमान रणजित समोरच्या बाकावर बसून सूचना देतात. नवऱ्याचं नाव सरळ घेतेय, कारण गोष्ट सांगताना 'हे' आणि 'ते' करत बसलं की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. आणि खरं सांगायचं तर तेवढं आडून आडून बोलायचं त्राणही आता माझ्यात उरलेलं नाही.

दसरा होऊन आठवडा झाला होता. आम्हाला अकरावी कादंबरी निवडायची होती.

लीलाबाई इंदापुरातल्या या वाचनालयाच्या ग्रंथपाल. जानेवारीत त्यांनी उपक्रम काढला, वर्षभरात बारा अभिजात कादंबऱ्या वाचायच्या. अभिजात म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी जुन्या कपाटाकडे बोट केलं. "यातलं काहीही. पन्नास वर्षांत वाळवीनं खाल्लं नाही आणि माणसांनी रद्दीत घातलं नाही, ते अभिजात." प्रत्येकाला बारा चौकोनांचं एक गुलाबी कार्ड मिळालं. कादंबरी संपली की लीलाबाईंसमोर बसून गोष्ट सांगायची, त्यांना पटली तर एका चौकोनात शिक्का. पहिल्या आठवड्यात चाळीस कार्डं गेली. पावसाळ्यापर्यंत बहुतेक जण गळाले, आणि दसऱ्याला आम्हाला धरून तिघा-चौघांचीच कार्डं चालू होती.

आमचं दोघांचं कार्ड एक. वाचते मी, ऐकतात रणजित, आणि गोष्ट सांगायला पुढे होतात तेही रणजितच. ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर लीलाबाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हणाल्या. रणजित कुठे पडून ऐकतात ते त्यांना माहीत होतं.

ते ऐकतात बारामतीला, डायलिसिसच्या खाटेवर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन वर्षं झाली. सकाळी सातची एसटी, दीड तासाचा रस्ता, मग डाव्या हातात दोन सुया आणि चार तास मशीन. परतीच्या एसटीत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आणि माझं खिडकीच्या गजावर. घरी आल्यावर त्यांचं बिनमिठाचं वेगळं रांधायचं, पाणी पेल्यानं मोजून द्यायचं. डाळिंबाची बाग धाकटे दीर बघतात. मुलगी छकुली पणदऱ्याला दिलीय. ती म्हणते, आई, मी येत जाते की एखाद्या वारी. पण तिच्या दारात अकरा गाई, त्यांना सोमवार-बुधवार कळत नाही.

चार तास नुसतं त्या फिरणाऱ्या चाकाकडे आणि नळीतल्या रक्ताकडे बघत बसणं माझ्याच्यानं होईना, म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले. मला वाचनाची आवड लहानपणापासूनची. रणजितची शाळा सातवीत सुटली. त्यांनी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आणि पेपरातला डाळिंबाचा भाव यापलीकडे आयुष्यात काही वाचलं नव्हतं. पण ऐकायला लागले आणि ऐकतच राहिले.

श्रावणात एकदा मशीनवरच त्यांचं बीपी घसरलं. पायांत गोळे आले, उलट्या झाल्या, सिस्टर धावत आल्या. परतीच्या एसटीत लासुर्णं मागे पडल्यावर ते म्हणाले, "रेश्मा, पुरं आता. बुधवारपास्नं मी न्हाय येनार."

मशीन बंद केलं की माणूस पंधरा दिवस काढतो, फार तर तीन आठवडे. डॉक्टरांनी हे आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलेलं होतं. त्यामुळे ते काय बोलले हे मला नीट कळलं. निमगाव केतकी आलं तेव्हा मी बोलले, आणि बोलले तेही काय, तर, "कार्डावर सात शिक्के झाल्यात. बारा तरी हुं देत."

डोक्यात दुसरं काही आलंच नाही. देवाची शपथ घालावी, लेकीचं नाव काढावं, तेवढीही बुद्धी झाली नाही. रणजित खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं. बारा हुईस्तोवर येतो. त्याच्या म्होरं मला म्हनू नगंस."

असा आमचा करार झाला. त्या दिवसापासून लीलाबाईंच्या कपाटासमोर आमची भांडणं सुरू झाली. मी जाड पुस्तकावर हात ठेवायची, रणजित बारकं दाखवायचे. माझा हिशेब सोपा होता. सुया टोचून होईपर्यंतचा वेळ वजा केला, तर एका खेपेला पंचेचाळीस पानं वाचून होतात. साडेचारशे पानांची कादंबरी म्हणजे दहा खेपा, तीन आठवडे आणि वर एक दिवस. दीडशे पानांची म्हणजे सव्वा आठवडा. कादंबरी चांगली की वाईट हे बघणं मी श्रावणापासून सोडून दिलं होतं. मी पुस्तक उघडायच्या आधी शेवटच्या पानाचा आकडा बघायची.

सांगायला लाज वाटते, पण नववी कादंबरी मीच मुद्दाम बारीक घेतली होती. एकशे दहा पानांची. त्या आठवड्यात माझा घसा बसला होता, कंबर धरली होती, एसटीत उभं राहून यावं लागलं होतं. कपाटासमोर उभी असताना मनात आलं, होऊन जाऊ दे. काय होऊन जाऊ दे, हे मनाशी पुरतं म्हणायच्या आत मी ते पुस्तक उचललंही होतं. अडीच खेपांत संपलं. त्या शुक्रवारी घरी आल्यावर मी न्हाणीघराची कडी लावली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

तर अकरावी. लीलाबाईंनी तीन काढून टेबलावर ठेवल्या. पहिली एका मामलेदाराच्या घरातली, एकशे चाळीस पानांची. रणजितनी लगेच तिच्यावर बोट ठेवलं. दुसरी रशियनवरून भाषांतर केलेली, सहाशे पानांची. मी ती छातीशीच धरली. लीलाबाई म्हणाल्या, "चांगली आहे, पण सांभाळून हं. यात एकेका माणसाला तीन-तीन नावं आहेत."

"मग नगं," रणजित म्हणाले. "एवढी नावं ध्यानात ठिवाय मला काय पंचायतीला हुबं ऱ्हायाचंय?"

तिसरी हिरव्या रेक्झिनच्या बांधणीतली. वर नाव नाही, आत पहिली काही पानं नाहीत, पण शेवटचं पान चारशे सोळावं. लीलाबाईंनी ती उलटीपालटी केली. "दोन वर्षांपूर्वी पेठेतल्या बिरदेव बाइंडरकडून बांधून आणलेली. कव्हर कुठं गेलं कोण जाणे. वाचा आणि तुम्हीच मला सांगा ही कोणती ते."

"हीच," मी म्हणाले. रणजितनी एकदा मामलेदाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाद घातला नाही. त्यांना त्या दिवशी धाप लागत होती.

कादंबरी झकास निघाली. नदीकाठच्या गावातल्या मास्तरांची मुलगी गोदा. बापाशी वाद घालायची, पाटलाला तोंडावर उलट उत्तर द्यायची, आई वाचू देत नाही म्हणून धान्याच्या कणगीत पुस्तक लपवायची. रणजित तिच्यावर जाम खूश. शेजारच्या खाटेवर कुशाबाई म्हणून एक म्हातारी असते, तीही मान वळवून ऐकायची. गोदानं पाटलाला सुनावलं त्या दिवशी कुशाबाई इतकी हसली की मशीन वाजायला लागलं आणि प्रगती सिस्टर आम्हा तिघांना रागावल्या.

मग गोदाचं लग्न ठरलं. तिला ते नको होतं. पण दोनशे आठव्या पानाच्या तळाशी गोदा बोहल्यावर उभी होती, मध्ये अंतरपाट होता आणि भटजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं होतं. मी पान उलटलं. दोनशे नवव्या पानावर पहिलं वाक्य होतं, सुलोचनेनं चूल सारवली.

मी क्षणभर थांबले. रणजित म्हणाले, "नाव बदाललं आसंल की सासरी."

बदललंच असणार. त्यात मला काही नवल वाटलं नाही. माझं स्वतःचं नाव माहेरी नकोशी होतं. चौथी मुलगी झाली, आजीनं तेच नाव ठेवलं आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच लागलं. लग्नात रणजितनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'रेश्मा' लिहिलं, तेव्हा मी भर मांडवात रडले होते, आनंदानं. तेव्हा गोदाची सुलोचना झाली हे मी जसं होतं तसं मान्य करून पुढे वाचत गेले.

सुलोचना गप्प होती. दोनशे पानांत ती मोजून आठ-दहा वाक्यं बोलली असेल. सासू बोलायची, जावा बोलायच्या, ही माजघरात वाती वळत बसायची. नवऱ्याचं नाव कुठे आलंच नाही, जुन्या रीतीनं 'इकडून येणं झालं', 'इकडून जेवण झालं', एवढंच. बाप भेटायला आला नाही, त्याचंही आम्हाला काही वाटलं नाही. "माजा सासरा तरी कवा डोकावला?" रणजित म्हणाले. कुशाबाई म्हणाली, "आता आली बगा पोरगी वळणाव." मी वाचत राहिले. दिवाळी आली आणि गेली, पाडव्याच्या दिवशीही आमची खाट चुकली नाही. शेवटच्या पानावर सुलोचना दारात उभी राहून नवऱ्याचा टांगा जाताना बघते, आणि संपलं.

सगळ्या मिळून दहा खेपा झाल्या. त्या शनिवारी आम्ही अकरावा शिक्का घ्यायला गेलो.

रणजित गोष्ट चांगली सांगतात. गोदाच्या तोंडचं बोलणं बायकी आवाज काढून सांगितलं, पाटील सांगितला, कणगी सांगितली. लीलाबाई गालात हसत शिक्क्याला शाई लावत होत्या. "मंग लगीन झालं," रणजित म्हणाले, "गोदीची सुलोचना झाली, आन तितनं म्होरं बया एकदम गप."

लीलाबाईंचा हात थांबला. "कोण गप?"

"गोदी."

"अहो रणजितराव, गोदा कशी गप होईल? ती तर..." त्यांनी जीभ चावली. "तिचं लग्न लागतच नाही."

लीलाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं, मधलं पान काढलं, चष्मा वर केला आणि कपाळावर हात मारला. त्यांनी कॉलेजात असताना दोन्ही कादंबऱ्या वाचलेल्या. दोन्ही, कारण आमच्या हातात एक कादंबरी नव्हतीच. एकाच छापखान्यात छापलेल्या, एकाच मापाच्या दोन कादंबऱ्या बिरदेवकडे एकदम बांधायला गेल्या होत्या. कव्हरं गेलेली, दोरा तुटलेला. सोळा-सोळा पानांचे फर्मे मोकळे. त्यानं पानांचे आकडे लावून बघितले असणार, दोनशे आठनंतर दोनशे नऊ आले, त्यानं शिवून टाकलं. एकीचा पुढचा अर्धा आणि दुसरीचा मागचा अर्धा.

"आणि तुम्हाला कळलं नाही?" लीलाबाई म्हणाल्या. "बाई बदलली, गाव बदललं, स्वभाव बदलला, तरी?"

"लगीन झाल्याव बदालतंयच की," रणजित म्हणाले.

गोदा लग्नाला उभीच राहिली नव्हती, आणि मी तिला पाच खेपा चूल सारवायला लावली होती. वाती वळायला लावल्या होत्या. तिचं तोंड बंद झालं तेव्हा मला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. कुणाचा राग आला होता कोण जाणे, बिरदेवचा, स्वतःचा, पण आला होता. एवढी साधी गोष्ट समजली नाही याची मला लाज वाटली.

लीलाबाईंनी तोवर गुडघा लावून स्वतःच कपाट उघडलं होतं आणि मागच्या रांगेतून तसंच हिरवं, तसंच जाड दुसरं पुस्तक काढलं होतं. पुढे सुलोचनेची सुरुवात, मागे गोदाचा शेवट. पानं तीच, चारशे सोळा.

"शिक्का आत्ता नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "अजून एकही पुरी झाली नाही तुमची."

खरं सांगते, मला बरं वाटलं. अकरावा चौकोन कोरा राहिला. तीन आठवडे फुकट पदरात पडले होते. पण लीलाबाई बाई चांगल्या, आणि चांगल्या माणसांना गप्प बसवत नाही. "पण एक आहे," त्या हसून म्हणाल्या, "हे एवढं वाचलंत की दोन्ही पुऱ्या. अकरावा आणि बारावा, दोन्ही शिक्के एकदम मारते मी. सुटलात!"

मी बाकाचा काठ धरला. अकरावी आणि बारावी मिळून मी डिसेंबर अखेरपर्यंतचा हिशेब धरला होता, जमलं तर पुढे काहीतरी कारण काढून जानेवारी. आता एका पुस्तकावर आलं होतं. दहा खेपा.

"हे नगं," मी म्हणाले. "बाई, ती रशियन द्या. तीन-तीन नावांची."

"हेच न्यायाचं," रणजित म्हणाले.

"तुमाला नावं ध्यानात ऱ्हात न्हाईत तर मी कागदाव लिहून देते."

"रेश्मा, हेच." त्यांनी उठून पुस्तक काखेत घेतलं आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. माझ्या आधी ते कधी बाहेर पडत नाहीत, पायरी उतरायला त्यांना माझा हात लागतो. त्या दिवशी भिंत धरून उतरले.

रविवारभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पाणी मोजलं, दिलं. औषधं काढली, दिली. त्यांना घाई झाली आहे, हे एकच माझ्या डोक्यात घोळत होतं. तीन महिने मी जाड पुस्तकं शोधत होते आणि हा माणूस बारकी, आणि आता दोन शिक्के एकदम मिळतात म्हटल्यावर तर भिंत धरून पळाला. मला सोडून जायची एवढी घाई.

सोमवारी बारामतीला प्रगती सिस्टरनी सुया टोचल्या, मशीन सुरू केलं. मी स्टुलावर बसले. पुस्तक उघडलं. कुशाबाईनं मान वळवली. पहिली ओळ बघितली आणि पुस्तक मिटलं.

"वाच की," रणजित म्हणाले.

"मी न्हाय वाचनार."

"का?"

"हे वाचलं की बारा हुत्यात." माझा आवाज चढला होता, मला ते कळत होतं, पण आवरत नव्हतं. "तुमाला घाई झालीय. मला न्हाय झाली."

कुशाबाईनं हळूच तोंड भिंतीकडे केलं. रणजित वर पंख्याकडे बघत होते. मशीनचं चाक फिरत होतं.

"घाई मला न्हाय झाली," ते म्हणाले. "तुला वाटतं तसं न्हाय ते."

"मग कसं हाय?"

"श्रावणात त्या दिशी आपुन एसटीत बसलो, आन तुला डुलकी लागली. तोंड उघडं टाकून झोपली हुतीस. आमची आय शेवटाला दिसायची तशी दिसलीस मला. आजून पन्नाशीबी न्हाय तुजी. म्हनलं, एका मानसापायी दोन मानसं कशाला खपायची? म्हनून पुरं म्हनलं. मी दमलो म्हनून न्हाय."

मी विचारलं, "आन बारकी पुस्तकं?"

"तेवढंच तुला बोलाय कमी. घसा बघ तुजा. मामलेदाराचं घेतलं आसतं तर आठ दिसांत मोकळी झाली आसतीस."

मोकळी. मला असा राग आला की ती चारशे सोळा पानं त्यांच्या पायावर आपटावीत असं वाटलं. "मला इचारायचं हुतं आदी!"

"इचारलं आसतं तर खरं सांगितलं आसतंस?"

"न्हाय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? मग एकदम सगळं तोंडात आलं. "पर आता सांगते. दमले मी. लई दमले. सकाळी ती एसटी दिसली की वाटतं, चुकली आसती तर बरं. नववं पुस्तक मी मुद्दाम बारकं घेतलं हुतं, लवकर संपावं म्हनून."

हे त्यांना कधी सांगेन असं मला वाटलं नव्हतं. सांगून झाल्यावर वाटलं, आता हा माणूस सुया काढून उठून जाईल.

"ठावं हाय मला," रणजित म्हणाले. "तवा बरं वाटलं हुतं मला."

"मला न्हाय वाटलं!" मी रडत होते आणि मला त्याची पर्वा नव्हती. "दमले म्हंजी तुमी जावं आसं न्हवं. दमले म्हंजी जरा बसावं, कुनीतरी थोडा येळ बसू द्यावं. एवढंच म्हननं हाय माजं. ह्येच्यापल्याड कायबी न्हाय."

प्रगती सिस्टर दारापर्यंत आल्या, आमच्याकडे बघितलं आणि परत गेल्या. रणजितनी मोकळा उजवा हात पुढे केला.

"आन हिकडं."

"काय?"

"पुस्तक. आन तुजा चष्मा दे, माजा घरी हाय. तू टेक मागं."

मी चष्मा दिला. स्टूल भिंतीला सरकवलं आणि पाठ टेकली. त्यांनी पुस्तक छातीवर उभं केलं, अंगठ्यानं पान दाबून धरलं, आणि दोनशे नववं पान काढलं. "आधी मागलं अर्दं वाचतो. गोदी बोहल्यावरनं उटली का न्हाय ते बगू," ते म्हणाले. भिंतीकडे तोंड करून झोपलेली कुशाबाई लगेच इकडे वळली.

त्यांचं वाचन म्हणजे काय सांगू. 'अंतरपाट' सरळ आलं, 'मंगलाष्टक' दोनदा अडखळलं, आणि 'निश्चयपूर्वक' पाशी ते इतका वेळ थांबले की कुशाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो, त्येच्या म्होरलं वाचा." त्यांनी राहू दिलं नाही. एकेक अक्षर सोडवून, पुन्हा पहिल्यापासून लावून, तो शब्द पुरा म्हणून मगच पुढे गेले. ओळ संपली की दम घ्यायचे. पान संपलं की हात बदलता येत नव्हता, म्हणून हनुवटीनं पान उलटायचे. मला सगळे शब्द समोर दिसत होते, पण मी एकदाही मध्ये बोलले नाही. मी डोळे मिटून घेतले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी काहीच करत नव्हते.

चार तासांत आठ पानं झाली. आठ पानांत गोदा बोहल्यावरून उतरून नुसती मांडवाच्या दारापर्यंत पोचली होती, आणि मागे सगळा गाव ओरडत होता.

सवय जात नाही. मिटल्या डोळ्यांनी मी हिशेब केलाच. चारशे सोळा पानं, खेपेला आठ. बावन्न खेपा. आठवड्याला तीन धरल्या तर सतरा आठवडे आणि वर एक. डिसेंबर संपेल, लीलाबाईंचं कार्ड दहा शिक्क्यांवरच बाद होईल, संक्रांत होईल, शिवरात्र होईल. गुढीपाडव्याच्या सुमाराला कुठे शेवटचं पान येईल.

प्रगती सिस्टर हातमोजे घालत आल्या. मशीन वाजायला लागलं होतं. "काका, झालं बरं का तुमचं. काढू सुया?"

रणजितनी पुस्तकावरून मान उचलली नाही. "जरा थांबा सिस्टर," ते म्हणाले. "एवढं पान संपू द्या."